सायकलला मोटर बसवावी की तयार ई-सायकल घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षांपूर्वी घेतलेली २६ इंची, स्टीलच्या फ्रेमची, मागे सात गिअरची सायकल घरात आहे. मागे डिस्क ब्रेक, पुढचा चिमटा साधा, सस्पेन्शन नाही. रोज वारजे ते हिंजवडी साधारण १५ किमी जायचं आणि तेवढंच परत यायचं, मध्ये चांदणी चौकाचा चढ. राहायला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. याच सायकलला मोटर लावावी की तीस-पस्तीस हजारांची तयार ई-सायकल घ्यावी? शिवाय गावाकडे वडिलांची २८ इंची काळी सायकल आहे, तिलाही किट बसेल का?

तुमच्या सायकलला किट लावा. वडिलांच्या सायकलला मात्र हे किट लावू नका. दोन्हींची कारणं सविस्तर सांगतो, कारण हे सायकलीच्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या मोटरच्या जाहिरातीत कुठेच नसतात.

आधी पैशांचा गैरसमज दूर करू. किट म्हणजे निम्म्या पैशांत काम, असं सगळे धरून चालतात. मागच्या चाकातली ३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली हब मोटर, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा), थ्रॉटल (हँडलवरची वेगाची मूठ), पेडल सेन्सर (पाय फिरतायत हे ओळखणारा) आणि ब्रेक लिव्हर असं किट साधारण ९ ते १३ हजारांना मिळतं. त्यात बॅटरी नसते. चांगल्या सेलची ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी १० ते १४ हजार, चार्जर हजार-दीड हजार, टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी), नवे ब्रेक पॅड, केबल, एखादा टायर आणि मजुरी धरून आणखी तीन-चार हजार. बेरीज २३ ते ३२ हजारांवर जाते. सुरुवातीच्या श्रेणीतली तयार ई-सायकलही २८ ते ३५ हजारांत येते. म्हणजे सायकल आधीपासून घरात असूनही बचत फार मोठी नाही. खरा फरक पडतो तो हा की तेवढ्याच पैशांत किटवाल्याला बॅटरी मोठी घेता येते, आणि तीन वर्षांनी ती संपली की बाजारातली कुठलीही ३६ व्होल्टची बॅटरी लावता येते. तयार सायकलीत बॅटरीचा डबा, खाच, किल्ली आणि कनेक्टर त्या कंपनीचेच असतात. मॉडेल बंद झालं की बॅटरी मिळणं बंद होतं आणि चांगली सायकल नुसती उभी राहते.

आता तुमच्या वाटेचा हिशोब. तुमचं वजन ७५ किलो, मोटरसकट सायकल २२ किलो, पाठीवरची बॅग ३ किलो, असे १०० किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी २० किमी वेगाला चाकाशी साधारण ११५ ते १२० वॅट लागतात. २५ ला तेच १७५ ते १९० होतात, कारण वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग पाव पटीने वाढला, पण ताकद दीडपटीहून जास्त लागली. ५ टक्के चढावर ताशी १५ किमी ठेवायचे तर सुमारे २७० वॅट लागतात. त्यातले ८० ते १०० तुमच्या पायांनी दिले तर मोटरवर १७०-१९० चा भार येतो, आणि २५० वॅटची मोटर तो शांतपणे वाहते. पाय न मारता नुसतं थ्रॉटल पिळलं तर मोटरला सगळा भार एकटीने उचलावा लागतो, वेग पडतो, आणि वेग पडला की मोटर तीच वीज उष्णतेत घालवते.

हे जरा उघडून दाखवतो, कारण मोटरी बहुतेक इथेच मरतात. गिअरवाल्या हब मोटरचं झाकण काढलं की आत मधोमध एक छोटं स्टीलचं दातेरी चाक आणि त्याभोवती नायलॉनची तीन पांढरी दातेरी चाकं दिसतात. मोटर आत भराभर फिरते आणि ही तीन चाकं ती गती चार-पाच पटींनी कमी करून चाकाला ओढ देतात. चढावर ताशी ७-८ किमीने रखडत पाच-दहा मिनिटं थ्रॉटल पिळून ठेवलं की तांब्याची गुंडाळी तापते, ती उष्णता नायलॉनपर्यंत जाते, दाते मऊ होतात आणि एखाद्या झटक्याला सोलून निघतात. मग मोटर आत घुर्र फिरते, चाक जागचं हलत नाही. उपाय साधा आहे: चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, पाय चालू ठेवा, वेग १२ च्या खाली जाऊ देऊ नका. हा नियम पाळला तर हीच मोटर वर्षानुवर्षं चालते.

मग विनागिअरची, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह मोटर का नको? ती वजनाला जवळपास दुप्पट असते, आणि बॅटरी संपल्यावर पेडल मारताना चुंबकांची ओढ लागते. गिअरवालीत आतच फ्रीव्हील असतं, बॅटरी नसली तरी सायकल सायकलीसारखी पळते. रोजच्या १५ किमीसाठी गिअरवालीच घ्या.

आता सायकल तपासायची. पहिली गोष्ट मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती, मेकॅनिक ज्याला ड्रॉपआऊट म्हणतात. दोन खाचांमधलं आतलं अंतर मोजा. गिअरच्या सायकलीत ते १३५ मिमी असायला हवं. मोटरचा एक्सल १२ मिमीचा असतो, पण दोन बाजूंनी सपाट केलेला, आणि सपाट बाजूंमध्ये १० मिमी जाडी. मागची खाच बहुधा १० मिमीची असते, त्यात तो घट्ट सरकतो. साध्या चाकात एक्सल नुसता लटकलेला असतो, वजन पेलतो, बास. हब मोटरमध्ये मात्र मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते तेवढ्याच जोराने एक्सल उलट फिरू पाहतो. त्याला रोखणारं काय, तर खाचेच्या त्या दोन कडा. स्टीलच्या कडा हा जोर सोसतात. ॲल्युमिनियमच्या हळूहळू पसरतात, आणि एक दिवस एक्सल गरकन फिरतो. एक्सलच्या पोकळीतूनच मोटरच्या वायरी बाहेर येतात. त्या पिळून तुटतात, एकमेकींना चिकटतात आणि कंट्रोलर जळतो. पुढच्या चाकात हे झालं तर चाक चिमट्यातून निघू शकतं. म्हणून सस्पेन्शनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चिमट्यात मोटर नकोच. तुमची फ्रेम स्टीलची आणि मोटर मागे, तरीही टॉर्क आर्म लावा. चार-पाच मिमी जाड स्टीलची ही पट्टी एका टोकाला एक्सलच्या सपाट बाजू पकडते आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमला क्लॅम्पने बांधली जाते. किटमध्ये ती बहुधा नसते, वेगळी मागून घ्या.

दुसरी गोष्ट ब्रेक. मोटर आणि बॅटरीने सायकलीचं वजन ६-७ किलोंनी वाढतं, आणि वेग सतत वीसच्या वर राहतो. तुमच्या मागे डिस्क आहे हे चांगलं. पण मोटरचं झाकण जाडजूड असल्यामुळे ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क चिमटणारा भाग, त्याला घासण्याची शक्यता असते. रोटर, म्हणजे डिस्कची चकती, हिच्याखाली एक-दोन मिमीचे वायसर घालून ती बाहेर घ्यावी लागते. मोटर घेतानाच तिला सहा बोल्टच्या रोटरची जागा आहे ना, आणि तुमचे सात गिअर आट्यांवर चढणारं फ्रीव्हील आहेत की खाचांवर सरकवून बसणारी कॅसेट, हे पाहा. बहुतेक मोटरींवर आट्यांचं फ्रीव्हीलच बसतं.

तिसरी गोष्ट चाक. मोटर रिमसकट ओवलेलीच घ्या. सुट्या मोटरवर रिम ओवायची तर १२ किंवा १३ गेजच्या, म्हणजे जरा जाड, तारा लागतात, सायकलीच्या नेहमीच्या १४ गेजच्या चालत नाहीत. मोटरचा घेर मोठा असल्यामुळे तारा आखूड होतात आणि एकमेकींना तीनदा ओलांडण्याऐवजी एकदाच ओलांडून ओवाव्या लागतात. हे सवयीचं नसलेल्या कारागिराने जुन्या पद्धतीने ओवलं तर तारा निपलपाशी वाकून बसतात आणि महिनाभरात एकेक तुटायला लागते.

बॅटरीवर मात्र वेळ काढून वाचा, कारण फसवणूक सगळी तिथेच आहे. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे १८६५० मापाचे दहा सेल ओळीने, आणि अशा काही ओळी समांतर. पूर्ण भरली की ४२ व्होल्ट, आणि ३०-३१ ला कंट्रोलर बंद करतो. २६०० एमएएचच्या, म्हणजे २.६ अँपिअर-अवरच्या, सेलच्या तीन ओळी म्हणजे ७.८ अँपिअर-अवर, चार म्हणजे १०.४, पाच म्हणजे १३. साधा कंट्रोलर १५ अँपिअरपर्यंत ओढतो. तीन ओळींत प्रत्येक सेलवर ५ अँपिअर येतात, पाच ओळींत फक्त ३. तीन ओळींची बॅटरी चढावर अचानक बंद पडते आणि दोन मिनिटांनी आपोआप चालू होते, त्याचं कारण हेच. चार्ज संपलेला नसतो, भाराखाली व्होल्टेज खाली बसतं आणि आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट, वीज तोडतं. दुकानदार मग मोटर खराब म्हणून सांगतो.

तुमचं रोजचं अंतर ३० किमी. पाय मारत चालवलं तर किमीला ८ ते १० वॅट-अवर, आळस केला आणि सिग्नल फार लागले तर १२ ते १४. मधला आकडा १२ धरला तर ३६० वॅट-अवर. १०.४ ची बॅटरी कागदावर ३६ गुणिले १०.४, म्हणजे ३७४ देते, म्हणजे परतीच्या चढावर ती तळाला असणार. ऑफिसात चार्जिंगची सोय पक्की असेल तर १०.४ पुरेल. नसेल तर १३ घ्या, वरचे तीन-चार हजार बॅटरीला जास्त आयुष्य देतील.

खरी-खोटी ओळखायला घरचा वजनकाटा पुरतो. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा. १०.४ च्या बॅटरीत ४० सेल, म्हणजे नुसते सेलच १.८ किलो, डबा आणि बीएमएस धरून अडीचच्या आसपास. '१० अँपिअर-अवर' असं छापलेली बॅटरी सगळी मिळून दीड किलो भरली तर आत तेवढे सेल नाहीतच. ३५०० एमएएचहून फार जास्त लिहिलेला १८६५० सेल दिसला, ५०००, ९९०० असले आकडे, की ते दुकान सोडा. जुन्या लॅपटॉपचे सेल नवं वेष्टण चढवूनही विकले जातात. त्यांचं वजन बरोबर भरतं, पण पहिल्याच आठवड्यात अंतर निम्म्यावर येतं. म्हणून घेताना अंतराची लेखी हमी मागा. १२ व्होल्टच्या तीन शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या ओळीने लावून स्वस्तात भागवू, असा सल्लाही मिळेल. ७ अँपिअर-अवरच्या तिघींचं वजन सहा-सात किलो, आणि एवढा करंट ओढला की त्या छापलेल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देतात. चौथ्या मजल्यावर रोज ते ओझं उचलणार कोण?

लिफ्ट नसणं हा तुमच्या बाबतीत मोठा मुद्दा आहे. बॅटरी किल्लीने निघणारीच हवी, सायकल खाली, बॅटरी वर. बाटलीच्या जागी बसणारी बॅटरी दोन एम-५ स्क्रूंवर उभी असते. तीन किलोचं ओझं खड्ड्यांत हादरून तिथले नट सैल करतं, पातळ पाइप असेल तर भोक फाडतं. वरून एक रुंद पट्टा किंवा क्लॅम्प बांधाच.

बसवताना क्रम चुकवू नका. आधी चाक बसवा. दातेरी वायसरचा दात खाचेत, एक्सल खाचेच्या तळापर्यंत, मग टॉर्क आर्म, मग नट १८ च्या पान्याने चांगला जोर लावून, ३५ ते ४० न्यूटन-मीटर. वायर ज्या बाजूने निघते ती खालच्या दिशेला असू द्या आणि मोटरजवळ तिला एक झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलावरून खाली टपकेल, एक्सलमधून आत उतरणार नाही. पेडल सेन्सरसाठी डावा किंवा उजवा क्रँक पुलरने काढावा लागतो. हातोड्याने ठोकून काढू नका, बेअरिंगची वाटी खराब होते. चुंबकांची चकती आणि सेन्सर यांत दोन-तीन मिमी अंतर ठेवा. चकतीवर बाण असेल तर तो पेडलच्या दिशेने. उलटी बसली तर पेडल मारून मोटर चालणार नाही, आणि लोक कंट्रोलर बदलत बसतात.

बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज आणि उणे-अधिक दोन्ही तपासा. उलटी जोडली तर कंट्रोलर त्याच क्षणी जातो. बॅटरीच्या अधिक वायरीत २० अँपिअरचा फ्यूज घाला. मग चाक अधांतरी ठेवून चालू करा. मोटर खरखरत थरथरली तर तीन जाड वायरींचा, पिवळी-हिरवी-निळी, आणि मोटरची स्थिती सांगणाऱ्या बारीक हॉल वायरींचा क्रम जुळलेला नाही, किंवा एक जोड ढिला आहे. बऱ्याच कंट्रोलरमध्ये दोन पांढऱ्या वायरी वेगळ्या सोडलेल्या असतात. त्या जोडून चालू केलं की चाक स्वतः फिरून क्रम शिकतं. चाक सरळ दिशेने फिरायला लागलं की त्या सोडवून टेपने बंद करा.

त्यानंतर, रस्त्यावर जाण्याआधी, ब्रेक लिव्हरचा कटऑफ, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा जोड, तपासा. थ्रॉटल पिळलेलं असतानाच लिव्हर दाबा, मोटर लगेच थांबली पाहिजे. लोक वायरी कमी करायच्या नादात हे जोडतच नाहीत. थ्रॉटलच्या तीन वायरींपैकी काळी, म्हणजे ग्राउंड, तुटली तर सिग्नल वर चढतो आणि साधा कंट्रोलर त्याला पूर्ण वेगाचा हुकूम समजू शकतो. अशा वेळी हातातलं लिव्हर एवढाच आधार उरतो.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटर वाहन नियमांत २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि २५ किमी वेगाखालच्या बॅटरीच्या दुचाकीला नोंदणीतून सूट आहे. ती सूट चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्यातल्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), मान्य केलेल्या मॉडेलला मिळते. तयार सायकलीकडे हा कागद असतो, घेताना मागून पाहा. घरी बसवलेल्या किटकडे तो नसतो, ही किटची खरी कमजोरी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. निदान ताकद आणि वेग या मर्यादांच्या आत ठेवा. ४८ व्होल्ट, ७५० वॅटचं किट लावून ताशी ४५ ने पळणारी सायकल म्हणजे विनानोंदणी, विनाविमा मोटरसायकल. कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल. बायपासवर मुख्य रस्ता सोडून सेवा रस्त्यानेच जा.

तयार ई-सायकल कुणी घ्यावी? ज्याची सायकल ॲल्युमिनियमची किंवा गंजलेली आहे, ज्याला पाना धरायची इच्छा नाही, ज्याच्याजवळ किट समजणारा मेकॅनिक नाही, त्याने. हीरो लेक्ट्रो, पुण्याची ईमोटोराड असे पर्याय आहेत. दुकानात मोटरच्या वॅटबद्दल विचारू नका, ते सगळ्यांचे सारखेच. बॅटरी किती वॅट-अवरची, नव्या बॅटरीची आजची किंमत किती, कंट्रोलर आणि डिस्प्ले सुटे मिळतात का, हे विचारा आणि बिलाच्या मागे लिहून घ्या. मागचं चाक काढता यावं म्हणून मोटरच्या वायरीला एक्सलजवळ कनेक्टर आहे का, हे स्वतः वाकून पाहा. सायकल दोन्ही हातांनी उचला. वीस-बावीस किलोंची ती वस्तू चार्ज संपल्यावर चांदणी चौकाच्या चढावर ढकलायची वेळ आली तर कसं होईल, हे तिथेच कळेल.

आता वडिलांची काळी सायकल. तिच्या रिमला पुढे ३२ आणि मागे ४० तारा, आणि बाजारातल्या बहुतेक हब मोटरींना ३६ भोकं. म्हणजे जुनी रिम वापरता येत नाही, आणि त्या मापाची ३६ भोकांची रिम शोधत फिरावं लागतं. गावोगावी म्हणून वेगळी, २४ व्होल्टची ब्रशवाली मोटर मागच्या चिमट्याच्या पाइपला पट्टीने कसून दुसऱ्या साखळीने चाक ओढतात. ती स्वस्त आहे, आणि वाइंडिंगवाल्याकडे दुरुस्तही होते. पण ती डाव्या बाजूला लावली तर तिथे उलट्या आट्यांचं फ्रीव्हील लागतं. साधं लावलं तर मोटरच्या ओढीनेच ते सुटत जातं. पट्टी जोराखाली वाकते, साखळी तिरकी होऊन उतरते. हे सगळं सांभाळता येईलही, पण दांड्यांचे ब्रेक नाही सांभाळता येत. पावसात ओल्या क्रोमच्या रिमवर ते रबर नुसतं घसरतं. ताशी १० किमीला ते चालून जातं, २० ला नाही. वडिलांना मोटर हवीच असेल तर कमी उंचीची, मधली दांडी नसलेली, दोन्हीकडे डिस्क ब्रेकची तयार ई-सायकल घ्या. चढता-उतरताना पाय उंच टाकावा लागणार नाही.

चार्जिंगबद्दल एवढंच. घरी आल्यावर बॅटरी अर्धा तास थंड होऊ द्या, मग लावा. दाराच्या वाटेत किंवा अंथरुणाजवळ चार्ज करू नका, रात्रभर लावून झोपू नका. २ अँपिअरच्या चार्जरने १३ ची बॅटरी भरायला सहा-सात तास लागतात आणि अर्धा युनिटच्या जरा वर वीज जाते. रोज ९० टक्क्यांना काढलीत तर चांगलं, पण पंधरवड्यातून एकदा पूर्ण भरून तासभर तशीच जोडलेली ठेवा, कारण साधं बीएमएस सेल समान करण्याचं काम अगदी वरच्या टोकालाच करतं. गावाला महिनाभर जाणार असाल तर अर्धी भरून ठेवा.

पावसाळ्यात एक्सलच्या वर पाणी असेल तिथे उतरून दुसरी वाट धरा आणि धुताना मोटरवर प्रेशरचा फवारा मारू नका. पंक्चरला घाबरू नका, आपले पंक्चरवाले चाक न काढता ट्यूब बाजूने ओढून काढतात, मोटरच्या चाकालाही ते चालतं. ट्यूबच बदलायची वेळ आली तर १८ चा पाना कुणाकडे सापडेल याची खात्री नाही, म्हणून तो बॅगेत ठेवा. पहिला आठवडा रोज एक्सलचे नट हाताखालून घाला, आणि १०० किमी झाले की चाक मेकॅनिककडे नेऊन तारा कसून आऊट, म्हणजे चाकाचा डुलता वाकडेपणा, काढून घ्या. नव्या ओवलेल्या चाकाच्या तारा तेवढ्या अंतरात बसून सैल होतातच.